पिकअपला धुवून वापरायचा एअर फिल्टर: दीड वर्ष वापरून काढून टाकला, कारण सांगतो

गाडी बोलेरो पिकअप, बीएस 6. ऑगस्टपासून टोमॅटो, फेब्रुवारी-मार्चला द्राक्ष, पिंपळगाव बसवंतचं मार्केट रोजचंच आणि सीझनला आठवड्यातून दोन-तीनदा वाशी. किलोमीटर सगळे हायवेचे दिसतात पण गाडी खरी धूळ खाते ती मळ्यातल्या रस्त्याला, पुढे ट्रॅक्टर चाललेला असतो आणि मागे आपण काचा लावून, दीड-दोन किलोमीटर नुसता फुफाटा.

41 हजार किलोमीटरला हा फिल्टर लावला. दाजींनी त्यांच्या कारला लावलेला होता, म्हणाले "अरे एकदाच खर्च कर, आयुष्यभर धुवून वापर, पिकअप पण वाढतो." दाजींची कार नाशिक शहरात डांबरावर फिरते हे तेव्हा डोक्यात आलं नाही. 5,200 चा फिल्टर आणि धुवायचं लिक्विड व तेलाचं किट 1,350 चं. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण माझा मुद्दा कंपनीचा नाहीये, या प्रकाराचा आहे, तेल लावलेला कॉटनच्या जाळीचा फिल्टर.

आधी ज्यासाठी सगळे घेतात ते सांगतो, पिकअप आणि ॲव्हरेज. ॲव्हरेज मी टाकी फुल टू फुल मोजतो आणि वहीत लिहितो. आधी साडेबारा ते तेरा, नंतरपण साडेबारा ते तेरा. ओढायलाही काही फरक नाही, फक्त ॲक्सिलेटर दाबला की हवा ओढल्याचा आवाज मोठा येतो आणि त्या आवाजाने पहिले आठ दिवस वाटत राहतं की गाडी पळायला लागली. येताना कसारा घाट रिकामे क्रेट घेऊन चढायचा तर पहिल्यासारखाच तिसऱ्या गिअरमध्ये. आणि यात नवल काही नाही, डिझेल इंजिनला पेट्रोलसारखं हवा अडवून चालवत नाहीत, हवा गरजेपेक्षा जास्तच आत येते आणि ताकद ठरते डिझेल किती मारलं यावर, वरून हवा दाबून आत भरणारा टर्बो आहेच. चांगल्या हालतीतला कागदी फिल्टर इंजिनला कधी कमी पडतच नाही. अमेरिकेत ओक रिजच्या सरकारी लॅबने 2009 साली पेट्रोल इंजेक्शनच्या गाड्यांवर टेस्ट घेतली होती, तिथे चोंदलेल्या फिल्टरनेही ॲव्हरेजला म्हणण्यासारखा फरक पडला नव्हता. मग चांगला कागद काढून कॉटन लावल्याने ॲव्हरेज कुठून वाढणार.

आता मेन गोष्ट, धूळ. 2.5 लिटरचं इंजिन 2000 आरपीएमला मिनिटाला साधारण अडीच हजार लिटर हवा ओढतं, म्हणजे 200 लिटरचे बारा ड्रम भरतील एवढी, टर्बो भरतो ती अजून वेगळी. त्यात जाडी माती कुठलाही फिल्टर पकडतो. इंजिन खाते ती बारीक माती, पिठासारखी, जी बोटाला लागली तरी खरखर कळत नाही. ती टर्बोच्या पात्याला घासते, पुढे इंजिनच्या सिलेंडरमधल्या लायनर आणि रिंगेला, आणि रिंग गेली की गाडी ऑइल प्यायला लागते आणि इंजिनच्या ब्रीदर नळीतून धूर. कागदाची गंमत अशी की त्याच्यावर थोडी धूळ बसली की ती धूळच पुढची बारीक धूळ अडवते, म्हणून थोडा वापरलेला कागद नव्या कागदापेक्षा भारी गाळतो. कॉटनच्या जाळीची भोकं मोठी, तिथं सगळी भिस्त तेलाच्या चिकटपणावर, आणि तेल सुकलं किंवा जाळीच्या एखाद्या घडीला कमी लागलं की तिथून धूळ सरळ आत.

मार्चमध्ये द्राक्ष चालू असताना मिस्त्रीकडे ब्रेक लायनरला गाडी गेली होती, मी म्हटलं जरा फिल्टरपण बघा. त्यांनी फिल्टरच्या पुढचा, इंजिनकडे जाणारा पाईप सोडला, खिशातला पांढरा रुमाल बोटाला गुंडाळून आतून फिरवला आणि माझ्यापुढे धरला. "भाऊ, ही बाजू स्वच्छ पाहिजे." रुमालावर आमच्या मळ्याच्या मातीचा रंग होता, काळसर तपकिरी, तेलकट, बोटाच्या रुंदीचा पट्टा. शेजारी दुसरी पिकअप उभी होती, कागदी फिल्टरवाली, किलोमीटर माझ्यापेक्षा जास्त, तिचा पाईप सोडून रुमालाची दुसरी बाजू फिरवली तर फक्त हलकी राखाडी झाक. तो रुमाल बघून मला रात्री झोप लागली नाही, कारण गाडीचे हप्ते अजून चालू आहेत आणि घर या गाडीवर चालतं.

धुण्याचा व्यापपण सांगितला पाहिजे. लिक्विड मारायचं, दहा मिनिटं ठेवायचं, आतल्या बाजूने हलकं पाणी सोडायचं, मग सावलीत वाळवायचा. कंप्रेसरची हवा मारायची नाही, जाळी फाटते. पावसाळ्यात वाळायला रात्र आणि वर दुसरा अर्धा दिवस, आणि माल तोडून क्रेट भरून ठेवलेला असताना गाडी उभी कोण ठेवणार, म्हणून मी वाळेपर्यंत कागदी फिल्टर लावायचो. म्हणजे कागदी तर विकत घ्यावा लागलाच! मग प्रत्येक घडीवर तेलाची एक बारीक रेघ, वीस मिनिटं थांबा, पांढरं राहिलं तिथं परत.

दुसऱ्या धुण्याला माझ्याकडून तेल जास्त झालं. कमी पडायला नको म्हणून जरा सढळ हात सोडला आणि चौथ्या दिवशी वाशीवरून येताना कसाऱ्याला चेक इंजिनचा दिवा, गाडी ओढेना, दाबलं की काळा धूर. फिल्टरच्या लगेच पुढे हवा मोजायचा सेन्सर असतो, त्याच्या नाजूक भागावर तेलाचा थर बसला होता. सेन्सर क्लीनर मारून काम झालं, 700 रुपये आणि अर्धा दिवस गेला, नवा टाकायची वेळ आली असती तर फिल्टरच्या किमतीवर पाणी.

हिशोब असा. मला ओरिजिनल कागदी फिल्टर 620 ला मिळतो, धुळीमुळे दहा-बारा हजार किलोमीटरला बदलतो. 6,550 मध्ये दहा कागदी आले, म्हणजे लाखभर किलोमीटर झाल्याशिवाय या फिल्टरचा एक रुपया वाचत नाही आणि मधे किटचं तेल संपलं की परत खर्च. मी 38 हजार चालवला, तेवढ्यात कागदी चार लागले असते, अडीच हजारात विषय संपला असता.

गाडी फक्त डांबरावर असेल, धुवायला निवांत वेळ असेल तर दाजींसारखं वापरा, त्यांच्या कारला आजपर्यंत काही त्रास नाही. पण मळा, खडी, मुरूम, वीटभट्टी, वाळू असल्या कामाच्या पिकअपला मी नको म्हणेन.

आणि कागदीवाल्यांनो, तुम्हीपण पंक्चरवाल्याकडे जवळून जोरात हवा मारून तोच फिल्टर वर्षभर चालवू नका, कागद आतून फाटतो आणि बाहेरून दिसत नाही. मारायचीच तर कमी प्रेशरने, लांबून, आतून बाहेर, तेही एक-दोनदा. बसवताना रबराची कड चारी बाजूंनी नीट बसली का आणि झाकणाच्या सगळ्या क्लिपा लागल्या का ते हाताने चाचपून बघा, एक क्लिप ढिली राहिली तर महागातला फिल्टरही काही कामाचा नाही.

79 हजारला परत कागदी लावला, पाईप आतून पुसून घेतला, ऑइलपण वेळेच्या आधी बदललं. दोन हजार किलोमीटरनंतर परत पांढरा रुमाल फिरवला, या वेळी पट्टा उमटला नाही. तुमच्याकडे कॉटनवाला लावलेला असेल तर उद्याच पाईप सोडून रुमाल फिरवा आणि काय रंग आला ते खाली लिहा, गाडी कुठल्या रस्त्याला चालते तेपण लिहा.