फुफ्फुसाचा कॅन्सर: टाटाला न्यायचं की जवळच्या हॉस्पिटलात?

घरात फुफ्फुसाचा कॅन्सर निघाला की पहिला वाद हाच होतो. मला विचाराल तर बिल्डिंग बघू नका, दोन्हीकडे तेच प्रश्न विचारा आणि काय उत्तर मिळतं ते बघा. इंग्लंडमध्ये या कॅन्सरचं राष्ट्रीय ऑडिट होतं, कुठल्या हॉस्पिटलात किती जणांचं ऑपरेशन झालं, किती पेशंट वर्षभर जगले, हे लोकांना वाचायला मिळतं. आपल्याकडे तशी सोय नाही म्हणून आपणच विचारायचं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बायोप्सीच्या तुकड्यावर ईजीएफआर, एएलके (कॅन्सरच्या पेशींच्या जीन्समधले बदल) आणि पीडी-एल१ (पेशींवरचं एक प्रोटीन) या टेस्ट होणार का आणि रिपोर्ट किती दिवसांत येणार. चौथ्या स्टेजला (म्हणजे कॅन्सर शरीरात इतरत्र पसरलेला असताना) ईजीएफआर पॉझिटिव्ह निघाला तर बऱ्याचदा केमोऐवजी गोळीने सुरुवात करता येते, आणि कधीच सिगरेट न ओढलेल्या बायकांमध्ये हा बदल जास्त सापडतो, त्यामुळे प्रकृती तेवढी बिघडलेली नसेल तर रिपोर्टआधीच केमो लावायची घाई कोणी करत असेल तर कारण विचाराच. दुसरं, सर्जन, केमोवाले आणि रेडिएशनवाले एकत्र बसून केस बघतात का, म्हणजे ट्यूमर बोर्ड आहे का. ऑपरेशन सुचवलं असेल तर त्याआधी पेट (PET) स्कॅन, म्हणजे कॅन्सर शरीरात कुठे पसरलाय ते दाखवणारा स्कॅन, झालाय का हेही.

परळच्या टाटात हे सगळं एका छताखाली आहे, डॉक्टर रोज हेच पेशंट बघतात, खर्चही खाजगीपेक्षा कमी. पण गर्दी प्रचंड, नंबर लागेपर्यंत थांबावं लागतं, राहायची सोय वेगळी बघावी लागते (दादरची गाडगे महाराज धर्मशाळा खूप जणांचा आधार आहे). जवळच्या खाजगीत काम पटकन सुरू होतं, रात्री धाप लागली तर दहा मिनिटांत पोचता, फक्त बिल झपाट्याने वाढतं, आणि टेस्ट व बोर्डच्या बाबतीत एका हॉस्पिटलात नि दुसऱ्यात खूप फरक असतो.

मी तरी निदान आणि प्लॅन मोठ्या सेंटरला करून घेईन, केमो किंवा गोळ्या घराजवळ. २०१२ साली सुरू झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमध्ये (देशभरातल्या कॅन्सर हॉस्पिटलांचं जाळं) जवळचं हॉस्पिटल आहे का बघा, त्यांच्या उपचाराच्या गाइडलाइन्स सगळ्यांसाठी एकच आहेत. दुखणं, धाप यासाठी पॅलिएटिव्ह केअरचे डॉक्टर मात्र पहिल्यापासूनच मागा, शेवटासाठी ठेवू नका.

आणि कुठेही जा, बायोप्सीचा ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) आणि स्लाइड्स हॉस्पिटलातून मागून घ्या. नुसती रिपोर्टची झेरॉक्स पुरत नाही, पुढच्या टेस्टसाठी तो तुकडाच लागतो.