कातळावरचं पाणी टाकीत, काम एकदम भारी झालंय
वस्तीमागच्या उघड्या कातळावर दगड-सिमेंटचा बुटका बांध घालून पाणी खालच्या टाकीत उतरवायचं काम सोलापूरच्या एका कॉन्ट्रॅक्टरकडनं वस्तीनं मिळून करून घेतलं, पैसे वसूल बघा. हिशोब सोपाय, १ चौरस मीटरवर १ मिमी पाऊस म्हणजे १ लिटर, आपल्याकडं वर्षाला ५००-६०० मिमीच पडतो पण कातळात मुरत नाय ना, म्हणून बरंच हाती लागतं, केनियात कितुईकडं असे बांध बरेच आहेत. उतार नीट दिलाय, भेगा बुजवल्यात. कचरा अडवायची जाळी मात्र लय हलकी, दुसरी मागा. पहिल्या पावसाचं पाणी सोडून द्यायचा वॉल्व्ह तर सांगून बसवून घ्याच, कातळावर शेळ्या फिरतात, आणि प्यायचं पाणी उकळूनच.