चिंच हलवून देतो म्हणाला

सही माझी होती, त्यामुळे पहिला दोष माझाच.

सांगलीत कुपवाड रोडच्या आतल्या बाजूला आमचा सोळा प्लॉटचा एनए, म्हणजे बिगरशेती, लेआउट. आतल्या रस्त्याच्या तोंडावरच जुनी चिंच, दोघांनी हात पसरले तरी कवेत न येणारी. बुंध्यात कमरेइतक्या उंचीवर एक लोखंडी कडी होती. इथं मळा होता तेव्हा तिला बैल बांधायचे. जागेचे मूळ मालक तात्या सांगायचे, कडी त्यांच्या आजोबांनी ठोकलेली. सालीनं ती निम्मी गिळली होती.

सिमेंटचा ट्रक आत वळेना, म्हणून दर मीटिंगला चिंचेचा विषय निघायचा. तोडायला मन होत नव्हतं आणि ते सोपंही नव्हतं. १९७५ च्या झाडांच्या कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून पन्नास वर्षं किंवा त्याहून जुनं झाड वारसा वृक्ष धरतात. तोडायची परवानगी मिळालीच, तर झाडाचं जेवढं वय तेवढी नवी झाडं लावायची, तीही सहा ते आठ फुटी, आणि सात वर्षं सांभाळायची.

अशात झाडं हलवून देणारा हा ठेकेदार भेटला. "सर, तोडायचं कशाला? उचलून दुसरीकडं लावू की." मोबाईलवर क्रेनला लटकलेल्या वडाचे व्हिडिओ दाखवले. परवानगी, क्रेन, हरिपूरच्या पुढं एका शेतात पुनर्रोपण आणि वर आमच्या ओपन स्पेसमध्ये ऐंशी रोपं, सगळं मिळून एक लाख पंच्याऐंशी हजार. त्यातले एक लाख वीस हजार आगाऊ दिले, तेही त्याच्या मेव्हण्याच्या खात्यावर. बिल मागितलं तर म्हणाला, "देतो की, पण जीएसटी वर पडंल." आम्ही गप्प. अर्जाच्या कोऱ्या फॉर्मवर सेक्रेटरी म्हणून मी सही करून दिली. बाकीचं तो भरणार होता.

आठ दिवसांत व्हॉट्सॲपवर परवानगीचा फोटो आला. शिक्का ठळक, मजकूर पुसट. शिक्का दिसला की आपण पुढचं वाचत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक असावं.

त्यानं दिवस निवडला शनिवार, म्हणजे ऑफिसं बंद. मी लग्नाला कोल्हापूरला होतो. रविवारी संध्याकाळी परत आलो तर चिंचेच्या जागी सपाट माती आणि जेसीबीच्या चाकांच्या खुणा. मोबाईलवर नव्या जागी उभ्या झाडाचा फोटो आला होता, खाली लिहिलेलं, 'लागलं झाड, अभिनंदन सर.' तात्यांना दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, फोटो बोटांनी मोठा केला आणि म्हणाले, "ही आमची न्हवं. कडी कुठाय?"

नर्सरीवाल्या एका ओळखीच्या माणसाकडे गेलो. त्यानं जे सांगितलं ते आधी विचारलं असतं तर फुकटात कळलं असतं. वडाची फांदी रोवली तरी धरते. चिंचेचं सोटमूळ खोल जातं, एवढी मोठी चिंच हलवणं मुळातच अवघड. हलवायचीच, तर आधी बुंध्याभोवती चर खणून मुळं टप्प्याटप्प्यानं तोडायची, नवी बारीक मुळं फुटायला अवधी द्यायचा, फांद्या उतरवायच्या, मग मातीचा गड्डा पोत्यात बांधून क्रेननं उचलायचं. ही एका दुपारची कामं नव्हेत. आमच्या झाडाभोवती आधी कुणी कुदळही मारली नव्हती.

आणि ती रोपं! ओपन स्पेसमध्ये बांबूचा आधार देऊन, सुतळीनं बांधून, रांगेत उभी. चौथ्या दिवशी सगळ्यांनी माना टाकल्या. एक धरून ओढलं तर लोण्यातून सुरी निघावी तसं वर आलं. खाली मूळ नव्हतंच, कुऱ्हाडीचा तिरका घाव होता. आमच्याच चिंचेच्या फांद्या आमच्याच मातीत खोचल्या होत्या. लोकांना वाटतं पैसे गेल्याचा राग येतो. मला त्या सुतळीच्या गाठींचा आला. इतक्या निगुतीनं मारल्या होत्या.

परवानगीची नक्कल मागवली. विजेच्या तारांना लागणाऱ्या फांद्या छाटायची परवानगी होती, बस्स. झाड तोडायचं असेल तर वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी लागते, झाडावर नोटीस चिकटवावी लागते आणि हरकतींसाठी सात दिवस ठेवावे लागतात. त्या चिंचेखालून मी रोज गाडी काढत होतो. बुंध्यावर कागद नव्हता, हे मला सोडून कुणाला दिसणार?

खुलासा मागणारी नोटीस आली ती अर्थातच माझ्या नावावर. अर्जदार मीच. त्याचा नंबर बंद.

पोलिसांत तक्रार देताना त्यांनी विचारलं, झाड गेलं कुठं? चिंचेचं लाकूड खाटकाच्या ओंडक्याला चालतं, गिऱ्हाईक मिळतं, म्हणून मी आणि तात्या वखारी धुंडाळत निघालो. तिसऱ्या वखारीत, मागच्या भिंतीला, पावसात भिजत एक बुंधा पडला होता. तात्या थेट तिथं गेले आणि सालीवरनं हात फिरवत राहिले. निम्मी गिळलेली कडी तशीच होती.

"बाकीचं चिरून गेलं," वखारवाला म्हणाला. "ह्यात लोखंड हाय, करवतीचं पातं जाईल म्हणून ठेवलाय. तुमचा हाय का? मग कधी उचलताय? जागा अडलीया."

पंचनामा होईपर्यंत तिथंच असू द्या, अशी त्याला विनंती करून आलोय.