कौटुंबिक न्यायालयातलं विवाह समुपदेशन: घटस्फोट नको असलेल्या नवऱ्याला किती उपयोगी?

पाचपैकी साडेतीन तारे. फुकट आहे म्हणून नव्हे. नवरा-बायको आत आणि वकील, वडीलधारे बाहेर, अशी बैठक दावा लागल्यावर दुसरीकडे सहज जमत नाही, म्हणून. दीड तारा कापला तो वेळेसाठी आणि एका सवयीसाठी. ही सेवा तडजोड शोधते, आणि तडजोडीत पुन्हा नांदणंही येतं, रक्कम ठरवून संमतीने वेगळं होणंही येतं. नवरा नुसतं "मला घटस्फोट द्यायचा नाही" एवढंच घेऊन गेला तर दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत बोलणं रकमेकडे वळतं. त्यात समुपदेशकाचा दोष नसतो. समोर दुसरा प्रस्तावच नसतो.

आधी व्यवस्था काय आहे ते. कुटुंब न्यायालय कायदा 1984 सालचा. त्याच्या कलम 9 नुसार वाजवी शक्यता असेल तिथे समेटाचा प्रयत्न करणं हे न्यायालयाचं कामच आहे, आणि कलम 6 खाली त्यासाठी समुपदेशक असतात. पुण्याचं आणि मुंबईचं कौटुंबिक न्यायालय 1989 पासून चालू आहे. पुण्यात शिवाजीनगरला, मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात. जिथे कौटुंबिक न्यायालय नाही तिथे हिंदू विवाह कायद्याचं कलम 23(2) तेच सांगतं, पण तिथे बहुधा समुपदेशकाऐवजी मध्यस्थाकडे पाठवतात. मध्यस्थ म्हणजे 40 तासांचं प्रशिक्षण घेतलेले वकील किंवा निवृत्त न्यायाधीश. ते अटी जुळवण्यात तरबेज असतात. रुसवा, धास्ती, सासूचा बोलण्यातला खवचटपणा हा त्यांचा प्रांत नव्हे. दोन्हींचा पर्याय असेल तर नांदायचं असणाऱ्याने समुपदेशक मागावा.

समन्स आल्यावरचा क्रम साधारण असा. पहिल्या तारखेला दोघं हजर झाले की न्यायाधीश प्रकरण समुपदेशकाकडे पाठवतात. आधी एकेकट्याशी बोलणं, मग दोघांना एकत्र, आणि गरज वाटली तर पुन्हा वेगवेगळं. मामा, काका आणि "आम्ही बोलतो ना" म्हणत आलेले गावचे माजी सरपंच बाहेरच्या बाकावर. खोलीत बोललेलं पुरावा म्हणून वापरायचं नसतं. न्यायाधीशाकडे जातं ते इतकंच, की समझोता झाला की नाही, आणि झाला तर कोणत्या अटींवर. ही गोपनीयता या सेवेतली सगळ्यात मोलाची गोष्ट आहे. "हो, त्या दिवशी मी चुकलो" हे वाक्य कैफियतीत, म्हणजे दाव्याच्या लेखी उत्तरात, लिहायला कुठलाही वकील देणार नाही. इथे ते बोलता येतं. खिशात मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू ठेवून बसणारे नवरे नेमकी हीच सोय स्वतःच्या हाताने घालवतात. पकडलं गेलं की बैठक तिथेच संपते.

आता खड्डे. पहिला कैफियतीचा. समुपदेशन चालू आहे म्हणून मुदत थांबली असं पुष्कळांना वाटतं. समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांत कैफियत द्यायची असते, कारण दाखवून ती मुदत 90 दिवसांपर्यंत वाढू शकते. त्यानंतर प्रकरण कैफियतीशिवाय पुढे नेण्याचा आदेश होऊ शकतो आणि तो रद्द करून घेण्यात उगाच दोन-तीन तारखा जातात. समुपदेशन चालू असताना कैफियत तयार ठेवा, पण ती सौम्य असू द्या. आरोप नाकारायला दोन ओळी पुरतात. तिच्या चारित्र्यावर किंवा मानसिक प्रकृतीवर एक परिच्छेद घुसडला की तोच क्रौर्याचा नवा मुद्दा होतो, आणि पुढच्या भेटीला ती ते पान हातात घेऊनच येते.

दुसरा खड्डा गैरहजेरीचा. "मी गेलोच नाही तर घटस्फोट होणार कसा?" ही समजूत अजून जिवंत आहे. एकतर्फी निकाल होतो. तो रद्द करायचा अर्ज 30 दिवसांत करावा लागतो. ई-कोर्ट्सच्या ॲपवर तुमच्या प्रकरणाचा 16 अंकाक्षरांचा सीएनआर क्रमांक टाकला की पुढची तारीख दिसते. वकिलाच्या फोनवर विसंबू नका.

वेळ ही सेवेची खरी दुबळी बाजू. समुपदेशकाच्या दाराबाहेर रांग असते, एक भेट पाऊण तासात आटोपते आणि पुढची काही आठवड्यांनी मिळते. दहा वर्षांचा संसार पाऊण तासात मांडायचा तर काय मांडायचं हे घरून ठरवून जायला हवं. व्हॉट्सॲपच्या छापील पानांची फाइल नेऊ नका, ती कोणी वाचत नाही. एका कागदावर जास्तीत जास्त पाच गोष्टी लिहा, आणि त्या तिने काय करावं अशा नकोत. तुम्ही काय करणार, कधीपासून, आणि ते झालं की नाही हे तिला कसं कळणार, अशा हव्यात.

इथेच बहुतेक प्रस्ताव पडतात. "यापुढे नीट वागेन" ही अट नव्हे. "आईला सांगून ठेवतो" हीसुद्धा नव्हे. "दर महिन्याच्या 5 तारखेला घरखर्चाचे 20,000 रुपये तुझ्या खात्यात येतील आणि हिशेब मागणार नाही" ही अट झाली. "आईवडिलांपासून वेगळं, तुझ्या नोकरीपासून अर्ध्या तासाच्या आत भाड्याचं घर, करारावर दोघांची नावं" हीही झाली. (भाडेकरार नेहमीसारखा 11 महिन्यांचा करावा आणि अनामत आधी भरून पावती दाखवावी, घर बघतोय असं सांगणारे नवरे समुपदेशकांनी भरपूर पाहिलेले असतात.) माहेरी जायला परवानगी विचारावी लागणार नाही, पगार तिचा तिच्याकडे, फोन तपासणं बंद, असंही लिहिता येतं. भांडण कुठल्या गोष्टीवरून वारंवार पेटतं ते ओळखून त्या जागेवर अट बसवावी. चारचौघांचा नमुना उतरवून नेला तर तो तिला पहिल्या ओळीत कळतो.

भेटीच्या आधीच काही गोष्टी बिनशर्त पूर्ण कराव्यात. तिचे दागिने, गुणपत्रिका, पासपोर्ट, मुलांचे कागद परत करून यादीवर दोघांच्या सह्या घ्याव्यात. अंतरिम पोटगीचा आदेश झाला असेल तर थकबाकी शून्य हवी. पोटगी थकवून "संसार वाचवायचाय" म्हणणाऱ्याचं ऐकायला न्यायालयही तयार नसतं. सर्वोच्च न्यायालयाच्या 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालानंतर दोघांनाही मालमत्ता आणि देण्यांचं शपथपत्र द्यावं लागतं, त्यामुळे पगार लपवणं फार काळ चालत नाही. आणि उत्पन्न लपवताना सापडलेल्या माणसाच्या बाकी आश्वासनांची किंमत काय राहते?

सगळ्यात जास्त नुकसान करणारा सल्ला मात्र या खोलीबाहेर मिळतो: "तू आधी कलम 9 चा दावा टाक." म्हणजे हिंदू विवाह कायद्याच्या कलम 9 खालचा, नांदायला येण्याचा दावा. ऐकायला तो संसार वाचवण्याचा मार्ग वाटतो. प्रत्यक्षात हुकूमनामा मिळाला तरी बायकोला कोणी हाताला धरून आणून सोडत नाही. अंमलबजावणी म्हणून फार तर मालमत्तेवर जप्ती येऊ शकते. आणि खरी मेख पुढे आहे. हुकूमनाम्यानंतर एक वर्ष दोघं एकत्र आले नाहीत तर कलम 13(1A) खाली दोघांपैकी कुणालाही त्याच आधारावर घटस्फोट मागता येतो. म्हणजे संसार जोडायला म्हणून टाकलेला दावा वर्षभराने तोडायची किल्ली तिच्याही हातात देतो. शिवाय हा दावा बरेचदा पोटगीला उत्तर म्हणून टाकलेला असतो, हे तिच्या वकिलाला पाठ असतं; नोटीस माहेरी पोचली की "नांदवायचंय" या शब्दावरचा उरलासुरला विश्वासही जातो. समेटाची इच्छा नोंदवायची तर कैफियतीत एक साधं वाक्य पुरतं.

दावा अजून लागलेलाच नसेल तर याहून चांगली जागा आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाखलपूर्व समेटासाठी साध्या कागदावर अर्ज करता येतो, नवऱ्यालाही. फी नाही, आरोपांची कागदपत्रं नाहीत, आणि एकमेकांविरुद्ध काहीच छापील झालेलं नसल्याने बोलणं हलकं जातं. 15100 या क्रमांकावर माहिती मिळते. पोलिसांच्या भरोसा सेलमध्येही समुपदेशन होतं, पण तिथे बायकोच्या तक्रारीवरून तुम्हाला बोलावलेलं असतं. तिथे उलटतपासणीच्या सुरात बोलू नये.

खाजगी समुपदेशकाकडे दर भेटीला पैसे जातात, पण वेळ मिळतो. जाताना एक प्रश्न नक्की विचारावा: दोघांपैकी एकाला राहायचंय आणि एकाला निघायचंय, अशा जोडप्यांबरोबर तुम्ही काय करता? मिनेसोटा विद्यापीठातले विल्यम डोहर्टी यांनी नेमकी यासाठीच एक पद्धत बसवली आहे. एक ते पाच भेटी, बहुतेक बोलणं एकेकट्याशी, आणि शेवटी तीनपैकी एक वाट: आहे तसं राहू द्यायचं, घटस्फोट, किंवा सहा महिने घटस्फोटाचा विषय बाजूला ठेवून मन लावून प्रयत्न. निघायला टेकलेल्या बायकोला थेट जोडप्याच्या उपचारात बसवलं तर ती दुसऱ्या भेटीला येत नाही. तिला "प्रयत्न करायचा की नाही" एवढंच आधी ठरवू दिलं तर येण्याची शक्यता वाढते. कौटुंबिक न्यायालयात हा टप्पा असा वेगळा नसतो. पण "तिला आजच परत यायचं की नाही हे विचारू नका, आणखी दोन भेटींना यायचं का एवढं विचारा" असं नवऱ्याने समुपदेशकाला स्वतःहून सांगितलं तर पुष्कळदा ते मानलं जातं.

दोन बाबतींत ही सेवा जशी आहे तशी वापरूच नये. मारहाण झाली असेल तर एकत्र भेटीचा आग्रह धरू नका. शेजारी मारणारा माणूस बसलेला असताना ती मोकळं बोलणार नाही, आणि बोलली तर बाहेर पडल्यावर काय, ही धास्ती राहते. वेगवेगळ्या भेटी, आणि आधी स्वतःच्या रागावर वेगळे उपचार. दारू असेल तर "सोडली" हे तोंडी चालत नाही. पुण्याच्या मुक्तांगणसारख्या ठिकाणी पाच आठवड्यांचा निवासी उपचार असतो. तो पूर्ण करून, पुढच्या पाठपुराव्याची कागदपत्रं घेऊन भेट मागावी. मध्येच झोप उडाली, मन बसलं तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीला 14416 वर फोन करावा. तो रात्रीही लागतो.

आता सगळ्यात नाजूक टप्पा, "काही दिवस एकत्र राहून बघू" हा. इथे बायको अडते तेव्हा नवऱ्याला वाटतं तिचं मन नाही. बरेचदा कारण कायद्याचं असतं. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 23 नुसार क्रौर्य माफ केलं असं ठरलं तर त्या आधारावर घटस्फोट मिळत नाही, आणि माफीचा सगळ्यात सोपा पुरावा म्हणजे पुन्हा एकत्र राहणं. सोडून गेल्याचा आधार असेल तर त्याला लागणारी सलग दोन वर्षंही मोडतात. म्हणून तिचा वकील सांगतो, पाऊल ठेवू नकोस. त्यावर नवऱ्याकडून येणारी नेहमीची मागणी, "आधी केस मागे घे, मग ये", ही सगळ्यात वाईट. प्रयोग फसला तर तिला शून्यापासून सुरुवात करावी लागेल, हे तिला दिसत असतं.

त्याऐवजी उलटं करा. दावा तसाच राहू द्या. दोघांच्या सह्यांची पुरसीस, म्हणजे न्यायालयाला लेखी निवेदन, द्या: अमुक तारखेपासून तीन महिने विनापूर्वग्रह (म्हणजे दाव्यातल्या कोणाच्याही हक्काला बाधा न येता) एकत्र राहणार, या काळातलं राहणं माफी म्हणून नवरा मांडणार नाही, अटी सोबत जोडल्या आहेत, तोवर पुढची तारीख लांबची मिळावी. दर पंधरा दिवसांनी समुपदेशकाकडे एक भेट त्यातच लिहून घ्या. पहिली दहा दिवसांच्या आत ठेवा, कारण सामान लावण्यावरून आणि सासूच्या पहिल्या फोनवरून होणारं भांडण तेवढ्यात होऊन गेलेलं असतं. दावा मागे घ्यायचा की चालवायचा, हे लांबच्या तारखेला तिला ठरवू द्या.