फोन असताना वेगळा रेकॉर्डर कशाला? दोन सीझन वापरून झाल्यावर

हा प्रश्न इतक्या जणींनी विचारलाय की एकदा सविस्तर लिहूनच टाकते. मी बायकांच्या सायकलच्या रोड रेस आणि माउंटन बायकिंगवर फ्रीलान्स लिहिते, म्हणजे पगार नाही, सोबत फोटोग्राफर नाही, जे काय ऑफिस आहे ते पाठीवरच्या सॅकमध्ये. रेसच्या दिवशी फोनवर लाइव्ह टायमिंग, फोटो, मॅप, लॅपटॉपला हॉटस्पॉट आणि एडिटरचे "किती वेळ लागेल?" हे सगळं एकदम चालू असतं, फिनिशपर्यंत बॅटरी रडायला लागते, आणि नेमकी रायडर बोलायला लागली की कुणाचा तरी कॉल येऊन रेकॉर्डिंग बंद पडतं. हे एकदा झालं आणि दुसऱ्या दिवशी मी हा छोटा व्हॉइस रेकॉर्डर घेतला. ब्रँड सांगत नाही, मॉडेल जुनं आहे, आणि जे सांगणारे ते या प्रकारच्या बऱ्याच रेकॉर्डरना लागू आहे.

आता मुलाखतीचं एवढं काय, तर आमच्याकडे पुष्कळदा रेस कुणी पाहिलेलीच नसते. २०२१ ची पहिली पॅरिस-रुबे फेम आठवा, फ्रान्समधली दगडी रस्त्यांवरची बायकांची एकदिवसीय रेस. ब्रिटनची लिझी डायग्नन पहिल्याच कॉबल सेक्टरला, म्हणजे दगडी रस्त्याच्या टप्प्यावर, ८० हून जास्त किलोमीटर बाकी असताना सगळ्यांना सोडून पुढे सुटली आणि शेवटपर्यंत एकटी गेली, पण टीव्हीचं प्रक्षेपण सुरू झालं तेव्हा ती कधीच पुढे निघून गेली होती. ज्या अटॅकवर (असं अचानक पुढे सुटण्यावर) रेस जिंकली तो लाइव्ह कुणाला दिसलाच नाही! विमेन्स वर्ल्डटूरच्या, म्हणजे बायकांच्या सर्वोच्च मालिकेतल्या रेसना निदान ४५ मिनिटं लाइव्ह दाखवायची अट २०२० मध्ये आली, पण रेस जवळजवळ तीन तासांची असली तर बाकीच्या दोन तासांचं काय? ते फक्त रायडरच्या तोंडून मिळतं, फिनिशनंतरच्या दीड-दोन मिनिटांत, धापा टाकत, तोंडावर चिखल. तेवढं हातचं गेलं तर बातमीत उरतो नुसता रिझल्ट, आणि तो सगळ्यांकडेच असतो. माउंटन बायकिंगमध्ये तर अजूनच, क्रॉस कंट्री रेस दीडेक तास जंगलात आणि कॅमेरे ठराविक वळणांवर, मधे कोण कुठे पडली ते तिलाच ठाऊक.

तर मशीन. फोनच्या निम्म्याहून लहान आहे, जर्सीच्या मागच्या खिशात बसतं आणि आहे की नाही तेही कळत नाही. सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे खरं बटण. रेकॉर्डचं बटण थोडं आत दबलेलं आहे, हिवाळी ग्लोव्हज घालून, न बघता, अंगठ्याने दाबता येतं आणि लाल दिवा लागला की झालं. पावसात फोनची स्क्रीन ओल्या बोटाने तीनतीनदा पुसत बसलेली बाई तुम्ही मिक्स झोनमध्ये (रेसनंतर रायडर पत्रकारांशी बोलतात ती जागा) पाहिली असेल तर ती मी होते, आता नाहीये. बाजूला होल्डचा खटका आहे, तो लावायचाच, नाहीतर खिशात बटण दाबलं जाऊन माझ्याच सायकलच्या चेनची खरखर तासभर रेकॉर्ड होते (आहे माझ्याकडे, कुणाला हवी असेल तर). आणि सेल रिमोटचे ते बारीक दोन, कुठेही मिळतात. चार्जिंगवाल्या मॉडेलपेक्षा मला हेच बरं वाटतं.

आता कुठे फसवलं ते. यात एक सेटिंग असतं, आवाज आला की आपोआप रेकॉर्डिंग सुरू, शांतता झाली की बंद. फाइल लहान होते म्हणून मी हौसेने चालू ठेवलं. एका रायडरला विचारलं की तो अटॅक ठरवून केला का, ती थोडी थांबली आणि हळूच म्हणाली, "नॉट रिअली प्लॅन्ड, आय जस्ट वेंट." मशीन त्या थांबण्यात झोपलं आणि "नॉट" गेल्यावर जागं झालं. रेकॉर्डिंगमध्ये राहिलं "रिअली प्लॅन्ड". मी रात्री अर्धा लेख टीमच्या डावपेचांवर लिहून मोकळी, आणि पाठवायच्या आधी सहज वही उघडली तर घाईत खरडलेलं, 'प्लॅन नव्हता'. पोटात गोळाच आला. ते सेटिंग त्या रात्री बंद केलं ते कायमचं, आणि तुम्हीही घेतल्या घेतल्या आधी तेच करा.

वाऱ्याचं म्हणाल तर, सोबत आलेली स्पंजची टोपी खोलीत ठीक, डोंगरमाथ्यावर काही उपयोगाची नाही. वेगळी केसाळ टोपी मिळते ती घ्या, उंदीर धरल्यासारखं दिसतं आणि रायडर हसतात, पण हसली की जरा मोकळं बोलतात हा फायदाच. लो कट, म्हणजे खालच्या सुरातले आवाज कापणारं सेटिंग, चालू ठेवलं तर वाऱ्याची घरघर बरीच कमी होते, आवाज थोडा पातळ येतो पण लिहून काढायला पुरतो.

सेल बदलायला जास्त वेळ लागला की घड्याळ परत १ जानेवारीवर जातं, हा मात्र वैताग आहे. सहा रायडर, सहा फाइल, सगळ्यांची तारीख तीच. म्हणून आता प्रत्येक रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला मी स्वतःच नाव, रेस, जागा बोलते, आणि नाव रायडरकडूनच वदवून घेते, म्हणजे उच्चारही कळतो. पुढे हे ऑडिओ आपोआप टाइप करणाऱ्या अ‍ॅपमध्ये टाकलं की नियेवियादोमासारख्या पोलिश रायडरच्या आडनावाचं काय होतं ते विचारू नका, आणि 'बर्म'चं (वळणावरचा मातीचा उतरता बांध) दर वेळी 'बर्न' होतं. मी हल्ली त्यावर फक्त वाक्य शोधायचं काम सोपवते, कोट घ्यायचा तो कानाने ऐकूनच.

ज्या मुलाखती खोलीत बसून किंवा कॉलवर होतात त्यांच्यासाठी हे घेऊ नका, फोन पुरतो. रेसला उभं राहून काम करणार असाल तर घ्या. यूएसबीचं रबरी झाकण माझं पहिल्याच सीझनला तुटलं, तिथे पंक्चर झालेल्या ट्यूबची एक पट्टी कापून चढवलीये, आणि पाणी अजून तरी आत गेलेलं नाही.