टवेराच्या हेडपायी 21,650 रुपये गेले, पार्ट मागवणाऱ्यांनो सावध राहा

ज्यांच्याकडे टवेरा, सुमो, जुनी बोलेरो आहे आणि जे मोबाईलवर पार्ट शोधत आहेत, त्यांनी हे वाचाच. माझे 21,650 रुपये गेले. घरी सांगताना मान खाली गेली, गावात तर अजून कोणाला सांगितलेलं नाही.

दारव्हा-दिग्रस पट्ट्यात माझी टवेरा भाड्याने चालते. लग्नाचं वऱ्हाड, शेगावचं दर्शन, रात्री-बेरात्री यवतमाळला न्यायचे पेशंट. मे महिन्याच्या उन्हात गाडी गरम झाली, गॅस्केट उडालं, हेडला, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाला, तडा गेला. डिपस्टिक काढली तर ऑइल दुधाच्या चहासारखं. टवेरा बनवणाऱ्या शेवरोलेने 2017 संपताना भारतात गाड्या विकणं बंद केलं. आता असा मोठा पार्ट पाहिजे असला की जुन्या मालाच्या बाजाराशिवाय इलाज नाही. अमरावती, अकोला, सगळीकडे विचारलं. नागपुरात एक हेड होतं, तेही वेल्डिंग मारलेलं. ऐन लग्नसराईत गाडी उभी. अशा वेळी माणूस मोबाईलवर शोधणार नाही तर काय करणार?

शोधताना एक पार्ट विकणारा सापडला. त्याने दिल्लीच्या मायापुरीत दुकान आहे म्हणून सांगितलं. मायापुरीत जुन्या गाड्या खोलतात हे कोणत्याही मिस्त्रीला माहीत आहे, म्हणून शंका आली नाही. फोटो पाठवला: पोत्यावर ठेवलेलं हेड, बाजूला पांढऱ्या खडूने लिहिलेलं ‘ओके’. आमच्या मिस्त्रीने मोबाईल हातात घेऊन, मोठा करकरून पाहिला. म्हणाला, "हेड तं बराबर दिसून राह्यलं भाऊ, मांगवून घे." वीस वर्षं इंजिन खोलणारा माणूस म्हणतो तर मी कोण नाही म्हणणारा?

किंमत 18,000 ठरली. 6,000 ॲडव्हान्स. बिल आणि ट्रान्सपोर्टची बिल्टी (माल गाडीत चढवल्याची पावती) दाखवली की बाकीचे 12,000.

त्या बिलाची मला आजही चीड येते. वर पत्ता दिल्लीचा आणि खाली जीएसटी नंबर 27 ने सुरू होणारा. 27 म्हणजे महाराष्ट्र. दिल्लीचा असता तर 07 असता. पंधरा अंकी-अक्षरी नंबर, त्यातले पहिले दोनच आकडे पाहायचे होते. ते बिल मी गॅरेजवर बसून पाहिलं, बायकोला दाखवलं, रक्कम तपासली, गाडीचं मॉडेल तपासलं, शिक्का पाहिला. पण मी ड्रायव्हर माणूस, दुकानदार नाही. या दोन आकड्यांवरून राज्य कळतं हे आम्हाला कोणी सांगितलं होतं? तुम्ही मात्र पाहा. जीएसटीच्या साइटवर नंबर टाकला की दुकानाचं नाव फुकटात दिसतं.

12,000 पाठवले. संध्याकाळी फोन: माल नाक्यावर अडकला, ई-वे बिलाचे (माल नेण्याच्या सरकारी ऑनलाइन कागदाचे) 3,650 भरा, डिलिव्हरीला परत मिळतील. गाडी सुरू व्हावी म्हणून तेही भरले. ई-वे बिल साधारणपणे 50,000 च्या वरच्या मालाला लागतं आणि ते काढायला सरकार एक रुपयाही घेत नाही, हे मला नंतर कळलं. दुसऱ्या दिवशी इन्शुरन्सचे 7,200 मागितले तेव्हा मी थांबलो. बिल्टीवरच्या ट्रान्सपोर्टचा खरा नंबर वेगळा शोधून लावला. तिथे म्हणाले, आमची बिल्टी अशी नसतेच. बिल्टीवर छापलेल्या नंबरवर कधीही खात्री करू नका, तो त्यांचाच माणूस उचलतो.

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तक्रारीचा नंबर मिळाला. पुढचं ऐका. बँकेत गेलो तर साहेब म्हणाले, "पिन तुम्हीच टाकला ना?" अरे, पिन मीच टाकला, पण फसवून टाकायला लावला! पैसे ज्या खात्यात गेले ते खातं उघडताना कोणत्या तरी बँकेने कागद घेतलेच असतील ना? त्या माणसाला कोणी एक प्रश्न विचारायला तयार नाही, सगळे प्रश्न मला. ठाण्यात आधी म्हणाले, दिल्लीचं प्रकरण आहे, इथं होत नाही. मग म्हणाले, सायबरवाले यवतमाळला बसतात, तिकडे जा. तिकडून परत ठाण्यात. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या कायद्यात स्पष्ट आहे की गुन्हा कुठेही घडो, एफआयआर कोणत्याही ठाण्यात देता येतो. मी हे बोललो तर हवालदार म्हणाला, "लय कायदा शिकून आला काय?" शेवटी साध्या कागदावर अर्ज घेतला आणि पोच द्यायलाही खळखळ केली. वरून एकजण म्हणतो, एवढ्या जुन्या गाडीवर पैसे कशाला घालता! त्याच गाडीवर माझं घर चालतं, साहेब. पोच घेतल्याशिवाय ठाण्यातून उठू नका, कितीही वेळ बसावं लागलं तरी.

आणि व्हिडिओ कॉल करायला लावा, रेकॉर्ड केलेला व्हिडिओ नको. हेडवरचं ऑइल पुसून कास्टिंगचा (धातूतच उठवलेला) नंबर तुमच्यासमोर दाखवू द्या. नेटवर्क नाही, गोडाऊन बंद आहे असं म्हणाला की फोन ठेवा.

तोच फोटो, तेच पोतं, खडूचं तेच ‘ओके’, आता सुमोचं हेड म्हणून 16,500 ला फिरत आहे. मिस्त्रीच्या मोबाईलवर कालच आला. तुमच्याकडे आला तर एक रुपयाही पाठवू नका.