टाचेचे लिफ्टिंग शूज की सपाट बूट?

जिममध्ये वजन उचलण्यासाठी धावायच्या बुटांचा विचार इथे करत नाही. त्यांचा मऊ तळ वजनाखाली दबतो आणि पाय डुगडुगतो, हे एव्हाना बहुतेकांनी अनुभवलेलं असतं. खरी निवड त्यापुढची आहे: कडक, उंच टाचेचे लिफ्टिंग शूज घ्यावेत, की पातळ रबरी तळाचे कॅनव्हासचे बूट पुरतील?

मी दोन वर्षं सपाट बुटांत काढली. डेडलिफ्टला, म्हणजे जमिनीवरचा वजनाचा बार उचलून सरळ उभं राहण्याला, ते उत्तमच. टाच उंच असली की बार तेवढा जास्त वर न्यावा लागतो, शिवाय भार चवड्यांकडे सरकतो. लो-बार स्क्वॉट (बार पाठीवर थोडा खाली ठेवून मारलेली बैठक) करणारे कंबर मागे नेऊन बसतात, त्यांचंही सपाट तळावर बहुधा भागतं.

माझं घोडं अडलं ते घोट्यांपाशी. मांडी आडवी व्हायच्या आतच टाचा उचलल्या जायच्या. मग सगळे करतात तेच केलं, टाचांखाली अडीच-अडीच किलोच्या प्लेटा ठेवल्या. रिकाम्या बारला हे छान जमतं. पण खांद्यावर खरं वजन घेऊन रॅकमधून (बार ठेवायच्या चौकटीतून) दोन पावलं मागे आलं, की त्या प्लेटा टाचांनी चाचपडत शोधाव्या लागतात. खाली पाहावं तर मान वाकते आणि ताठ धरलेली पाठ सैल पडते. एक टाच प्लेटवर नीट, दुसरी अर्धी बाहेर, आणि छातीत श्वास कोंडलेला. एकदा चौथ्या बैठकीला डावी प्लेट सरकली आणि मला बार सेफ्टीवर, म्हणजे तो अडवणाऱ्या आडव्या दांड्यांवर, सोडावा लागला. इजा झाली नाही, पण पुढे कित्येक दिवस प्रत्येक सेटला निम्मं लक्ष पायाखालीच असायचं. स्नॅच आणि क्लीन या जमिनीवरून बार झटक्यात वर घ्यायच्या ऑलिम्पिक लिफ्टमध्ये तर पाय उचलून नव्या जागी पडतात, तिथे प्लेटांचा उपयोगच नाही.

म्हणून टाचेचे बूट घेतले. नाइकी रोमालेओससारख्या बुटांची टाच पुढच्या भागापेक्षा साधारण 20 मिलिमीटर उंच असते. एवढ्याशा फरकाने फ्रंट स्क्वॉटमध्ये (बार खांद्यांवर पुढे धरून मारलेल्या बैठकीत) माझी छाती वर राहू लागली, कोपरं पडायची थांबली. वरचा पट्टा आवळला की गुडघे बाहेर ढकलतानाही पाय बुटात सरकत नाही. कॅनव्हासमध्ये तो सरकायचा.

सुरुवातीचे दोन आठवडे मात्र पुढे कलल्यासारखं वाटलं. गुडघा जास्त पुढे जातो, मांडीच्या पुढच्या स्नायूंवर ताण वाढतो; गुडघे दुखरे असतील तर वजन जपून वाढवा. घोटा आखडलेला असेल तर बूट त्याला मोकळा करत नाहीत, तो व्यायाम वेगळा करावाच लागतो. चवडा रुंद असेल तर घालून पाहिल्याशिवाय घेऊ नका, काही बूट पुढे बरेच अरुंद असतात.

ठरत नसेल तर अनवाणी उभं राहून खोल बैठक मारून पाहा. टाचा जमिनीवर राहत असतील आणि तुमचा भर डेडलिफ्टवर असेल, तर सपाट बूट घ्यायला माझी हरकत नाही. पण हाय-बार स्क्वॉट (बार पाठीवर वर, मानेच्या खाली ठेवून), फ्रंट स्क्वॉट किंवा ऑलिम्पिक लिफ्ट करत असाल आणि एकच जोड घ्यायचा असेल, तर मी टाचेचाच सुचवीन. सपाट बुटाचं काम बूट काढूनही होतं. मी डेडलिफ्टला जिममध्ये चालत असेल तिथे मोज्यांवरच उभा राहतो, आणि स्क्वॉटची वेळ आली की पट्टे आवळतो.